एकच 'सा', 2 मिनिटं 58 सेकंद

सोमवार, रात्र

एखादं गाणं पहिल्यांदा ऐकणं एकदाच घडतं. बीटल्सचं 'टुमॉरो नेव्हर नोज' ज्यांनी अजून ऐकलेलं नाही, त्यांनी ते भाजी चिरताना फोनच्या स्पीकरवर उरकू नये. त्यासाठी हे टिपण.

गाणं 'रिव्हॉल्व्हर' या अल्बममधलं. अल्बम ब्रिटनमध्ये 5 ऑगस्ट 1966 ला आला. त्यातल्या 14 गाण्यांत हे शेवटचं, पण ध्वनिमुद्रण सगळ्यात आधी याचंच सुरू झालं, 6 एप्रिलला, लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत. निर्माते जॉर्ज मार्टिन. मिक्सिंगच्या टेबलावर जेफ एमरिक हा नुकताच मुख्य ध्वनिमुद्रक झालेला मुलगा, वय 20.

आधी तयारी. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून साधारण 200 हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर येत नाही, आणि या गाण्यातल्या बास गिटारचा खालचा 'सा' 65 हर्ट्झच्या आसपास आहे. म्हणजे गाण्याचा पायाच गायब. साधे पण कान झाकणारे हेडफोन चालतील. दोन स्पीकर असतील तर उत्तम: दोघांमध्ये जेवढं अंतर, तेवढंच अंतर प्रत्येक स्पीकरपासून आपल्या डोक्यापर्यंत. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी जोडलेली असेल तर बास पोकळ होतो आणि मधला आवाज खोलीभर पसरतो. हे तपासायला कोणतंही मोनो गाणं, म्हणजे दोन्ही स्पीकरांत एकच आवाज असलेलं, लावावं. आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मधून आला पाहिजे. बास वाढवणारी सेटिंग बंद.

आणि पंखाही बंद. तीनच मिनिटांचा प्रश्न आहे. हे गाणं शांततेतून हळूहळू वर येत सुरू होतं, आणि वर येतो तो तंबोरा. पंख्याच्या घुमण्यात तो पहिला क्षण बुडतो.

मंगळवार

तंबोरा. मराठी श्रोत्याला हे गाणं इतरांपेक्षा लवकर उघडतं ते याच्यामुळे. रॉक ऐकून तयार झालेला कान कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, कधी बदलते याची वाट बघतो. इथे ती बदलत नाही. सगळं गाणं 'सी' या एकाच कॉर्डवर उभं आहे. 'सी' हाच इथला 'सा'. मधूनमधून वर 'बी फ्लॅट'ची सावली पडते, पण खालचा बास आपला 'सा' सोडत नाही. ज्याच्या घरात कधी मिरजेचा तंबोरा वाजला आहे, किंवा ज्यानं सवाईच्या मांडवात बसून सूर जुळेपर्यंत वाट पाहिली आहे, त्याला ही वाट पाहणं सोडून द्यायला शिकवावं लागत नाही.

पण याच ठिकाणी आपली एक चूक हमखास होते. चालीत प्रामुख्यानं सा, ग, प आणि कोमल नी. लगेच 'अरे, खमाज' म्हणावंसं वाटतं. म्हणू नये. थाटाचे सूर जुळले म्हणून राग होत नाही. इथे चलन नाही, आलाप नाही, बढत नाही. प्रत्येक कडवं आठ मापांचं, चाल तीच, आणि रंग बदलतो तो आजूबाजूच्या आवाजांनी. राग शोधत बसलो तर गाणं निसटतं. तंबोऱ्याकडून फक्त स्थिर राहणं घ्यावं.

गाणं बाजारात आलं ऑगस्टमध्ये आणि सप्टेंबर 1966 मध्ये बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन मुंबईत होते, पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला. म्हणजे हा तंबोरा त्या तालमीच्या आधीचा आहे. त्याच्याकडून घराणेदार संगतीची अपेक्षा धरणं बरोबर नाही. त्याची गुंज मात्र खरी आहे.

आता ड्रम. बीटल्सचे ड्रमवादक रिंगो स्टार पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आवर्तन वाजवतात, किंचित अडखळत पुढे जाणारं. आवाज इतका दबलेला आणि तरीही जड का, त्याची कारणं ठोस आहेत. टॉम या मधल्या आकाराच्या ड्रमची कातडी सैल केलेली. बास ड्रमच्या पोटात लोकरीचा स्वेटर कोंबलेला, त्यामुळे घुमणं थांबून नुसता धपका उरतो. माइक त्या काळच्या ईएमआयच्या शिस्तीत बसणार नाही इतका, काही इंचांवर आणलेला. आणि वर फेअरचाइल्ड 660 हा लिमिटर जोरात लावलेला. लिमिटर मोठा ठोका दाबतो, आणि ठोका ओसरताना आवाज पुन्हा वर खेचतो. म्हणून झांजेचा झणत्कार ठोक्यांच्या मधल्या जागेत फुगून वर आल्यासारखा वाटतो. हे एकदा कानाला कळलं की पुढच्या साठ वर्षांतल्या कितीतरी ड्रममध्ये तो श्वास ऐकू येतो.

बुधवार, उशिरा

आज फक्त लूपांबद्दल, कारण पहिल्यांदा ऐकणारा गोंधळतो तो इथेच. हे कुठलं वाद्य? पक्षी आहे का?

लूप म्हणजे टेपचा तुकडा, दोन टोकं जोडून केलेलं कडं. यंत्रावर ते फिरत राहतं आणि तोच आवाज पुन्हा पुन्हा येतो. ही युक्ती आधीपासून होती. पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी 1948 मध्येच तबकड्या वापरून असे प्रयोग केले होते. बीटल्समध्ये ही ओढ पॉल मॅकार्टनींना. घरच्या ब्रेनेल यंत्राचं पुसणारं हेड त्यांनी निकामी केलं. त्यामुळे कडं फिरेल तसा जुना आवाज पुसला न जाता नवा त्यावर चढत गेला आणि टेप आवाजानं गच्च भरली.

7 एप्रिलला ही कडी स्टुडिओत वाजवली गेली. इमारतीतल्या वेगवेगळ्या खोल्यांतली यंत्रं त्यासाठी कामाला लागली, आणि सैल कडी ताठ राहावीत म्हणून माणसं पेन्सिली धरून उभी. सगळ्यांचे आवाज मिक्सरवर एकत्र आणले आणि गाणं चालू असताना आवाज कमी-जास्त करणारे सरकते खटके वर-खाली करत टेपवर घेतले. म्हणजे हा भाग खऱ्या अर्थानं वाजवलेला आहे. पुन्हा करायला बसले असते तरी तसाच उतरला नसता.

गाण्यात पाच लूप मानले जातात. घड्याळ धरून ऐकायचे ते दुसऱ्या खेपेला, पहिल्या खेपेला अजिबात नाही. साधारण 7 व्या सेकंदाला समुद्रपक्ष्यासारखी किंकाळी. तिचं मूळ मॅकार्टनींचं हसणं, वेग वाढवलेलं, असं सांगितलं जातं. 19 व्या सेकंदाच्या आसपास वाद्यवृंदाची 'बी फ्लॅट' कॉर्ड, आपल्या भाषेत नी-रे-म, खालच्या 'सा'वर ठेवलेली. गाण्यातला सगळा ताण त्या तीन सुरांचा आहे. मग लगेच मेलोट्रॉन या टेपवर चालणाऱ्या कळवाद्याची बासरी. 38 व्या सेकंदाच्या सुमारास त्याच मेलोट्रॉनची तंतुवाद्यं, नी आणि सा यांच्यात झोके घेणारी. त्यांचा ताल ड्रमच्या तालाशी जुळत नाही आणि ते तसंच हवं आहे. आणि 56 व्या सेकंदापासून सतारीचा चढता तुकडा, वेग इतका वाढवलेला की सतार ओळखू येत नाही.

त्यानंतर मधल्या भागात गिटार येते, तीही उलटी. तार छेडली की आधी ठोका, मग विरणं. टेप उलटी फिरवली की आधी आवाज फुगत येतो आणि मग एकदम तुटतो. काहीतरी आत ओढलं जातंय असं वाटतं, ते यामुळे.

घरी लूप करून पाहायचा असेल तर संगणकावर दोन सेकंदांचा तुकडा घ्यावा, वेग दुप्पट करावा. आवाज एक सप्तक वर जातो आणि लांबी निम्मी होते. पण हल्लीची सॉफ्टवेअरं वेग वाढवूनही सूर तोच ठेवतात, ती सोय आधी बंद करावी. नाहीतर 'पक्षी' होत नाही, नुसतं घाईघाईचं हसणं उरतं. जोडाच्या जागी 'टक' येत असेल तर आवाजाची लहर शून्य रेषेवर असताना कापणी झालेली नाही. खऱ्या टेपवर हाच त्रास टाळायला काप तिरपा घेतात. सेकंदाला 38 सेंटिमीटर या वेगानं दोन सेकंदांचं कडं 76 सेंटिमीटरचं होतं. ते यंत्रावरून खाली लोंबतं, म्हणून पेन्सिल.

शुक्रवार

आवाज. हे गाणं गाणारे जॉन लेनन यांना आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा हवा होता. शब्दांचा उगम लिअरी, मेट्झनर आणि अल्पर्ट या मानसशास्त्रज्ञांच्या 1964 च्या पुस्तकात, जे तिबेटी मृत्युग्रंथाच्या आधारानं लिहिलेलं आहे. शीर्षकातले शब्द गाण्यात कुठेही येत नाहीत, ते शोधू नयेत.

पहिली तीन कडवी आणि नंतरची चार यांत आवाज वेगळा आहे. आधीचा दुहेरी वाटतो. स्टुडिओतले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी याच सुमारास बसवलेली ही रीत: गायलेल्या त्याच आवाजाची नक्कल दुसऱ्या यंत्रावर, सेकंदाच्या अगदी थोड्या अंशानं पुढेमागे. साधारण 1 मिनिट 27 सेकंदांनंतर तोच आवाज लेस्ली स्पीकरमधून येतो. हॅमंड ऑर्गनचा हा लाकडी खोका, वर फिरणारा कर्णा आणि खाली फिरणारा ढोल असलेला. कर्णा आपल्याकडे वळला की सूर कणभर चढतो, दूर गेला की उतरतो. रेल्वेची शिटी जवळून जाताना होतं तेच, पण सेकंदाला कित्येकदा. हा बदल पहिल्या खेपेला कळला नाही तर काही बिघडलं नाही. अंगावर तो होतोच.

रविवार

कुठली प्रत लावावी? माझं मत: आधी मोनो. त्यात सगळं एकाच ठिकाणाहून, एखाद्या भिंतीसारखं येतं. स्टिरिओ नंतर. दोन्हींत लूपांची पातळी सारखी नाही, त्यामुळे दोन्ही ऐकण्यासारखी आहेत. 2022 ची नवी आवृत्ती तिसऱ्या खेपेला, कारण संगणकानं सुटे केलेले आवाज तिथे स्वच्छ दिसतात आणि पहिल्या भेटीत इतकं स्वच्छ दिसणं नको. 'अँथॉलॉजी 2' या बीटल्सच्या संग्रहावरचा पहिला टेक, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा पहिला प्रयत्न, सगळ्यात शेवटी. त्यात गाणं अजून जड आणि चिकट आहे.

शेवटचे शब्द संपले म्हणून आवाज कमी करू नये. गाणं विरत जात असताना, सगळ्या गदारोळाच्या मागे, अगदी शेवटच्या काही सेकंदांत एक पियानो वाजतो, दारूच्या गुत्त्यात वाजावा तसा, सैल आणि मोकळा. तो पूर्ण विरेपर्यंत पंखा लावू नये.