चिंगीची पाव गोळी

आमची मांजर चिंगी चौदा वर्षांची आहे आणि गेल्या पावसाळ्यापासून तिला रोज सकाळी रक्तदाबावरच्या अ‍ॅम्लोडिपिनच्या अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा हिस्सा द्यावा लागतो. मांजरालाही रक्तदाब असतो, हे डॉक्टरांनी तिच्या शेपटीला बोटभर रुंदीचा पट्टा गुंडाळून तो मोजेपर्यंत मला ठाऊक नव्हते. म्हाताऱ्या मांजरांत तो बहुधा मूत्रपिंडाच्या किंवा थायरॉइडच्या दुखण्यामागून येतो, आणि दुर्लक्ष झाले तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर अचानक आंधळे होऊ शकते. त्यामुळे एखादा दिवस चुकला तर चुकला, असे म्हणायची सोय उरली नाही.

पहिल्या दिवशी मी कोल्हापुरातल्या गंगावेशीतून आणलेल्या म्हशीच्या दुधात गोळी विरघळवली. चिंगीने वाटी हुंगली, दोनदा जीभ लावली आणि पुढचा पंजा झटकून ती माजघरात निघून गेली. आता वाटीत किती औषध राहिले आणि पोटात किती गेले, याचा हिशेब कोणी मांडायचा? साखर घालूनही उपयोग नव्हता, कारण मांजराला गोड चव कळतच नाही. कडू मात्र चोख कळते. सासूबाईंचे म्हणणे असे की, पांढऱ्या रश्शातल्या मटणाच्या तुकड्याला कोल्हापुरातले मांजर नाही म्हणणार नाही. ते खरेही असेल, पण कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणून रस्सा आमच्याच ताटात राहिला.

मग बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तीन तुकडे करून पहिला रिकामा, दुसऱ्यात गोळी आणि तिसरा तिच्या नाकासमोर धरलेला, अशी युक्ती केली. घाईत ती दुसरा न चावता गिळत असे. हे चार दिवस चालले. पाचव्या दिवशी फरशीवर चाटून पुसून स्वच्छ केलेली पाव गोळी तेवढी पडलेली होती.

अखेर डॉक्टरांना विचारून गोळीचा तुकडा रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालू लागले, कारण कापलेल्या कडेचा कडवटपणाच तिला नडत होता. चिंगीला पंच्यात गुंडाळून, तिची पाठ माझ्याकडे करून मी जमिनीवर बसते, डाव्या हाताने वरून गालफडे धरून नाक थोडे वर करते, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने खालचा जबडा उघडते आणि लोण्याचे बोट फिरवलेली कॅप्सूल जिभेच्या मुळाशी ठेवते. तोंड मिटून गळा हलकेच चोळायचा. तिने नाक चाटले की गिळले, असे समजावे. त्यानंतर सुई काढलेल्या सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी गालाच्या कडेने थेंबथेंब पाजण्याचा कंटाळा मी कधीच करत नाही, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या बाबतीत तर हा धोका विशेष असतो. (गोळी फोडण्याआधी विचारावे, काही गोळ्यांवरचे आवरण मोडायचे नसते.)

गोळ्यांच्या पट्टीचा आवाज ती ओळखते, म्हणून कॅप्सूल मी रात्रीच भरून झाकणाच्या डबीत ठेवते. सकाळचे काम अर्ध्या मिनिटात उरकते. नंतर तिला चिकन हवे असते, आणि ते मिळेपर्यंत ती ओट्याखाली माझ्याकडे पाठ करून बसते.