तुम्ही विचारलंत म्हणून: बोर्डावर रेघा का?

"संपर्क तुटला की तुमचा बोर्ड नुसत्या चार रेघा दाखवतो. शेवटचा आकडा राहू दिला तर तुमचं काय जातं?" कारखान्यात आकडे दाखवणारा एलईडी बोर्ड लावून मी शिडीवरून उतरायच्या आत हा प्रश्न आलेला असतो. कारखाना बदलतो, विचारणारा बदलतो, पण प्रश्नाच्या शेवटचं ते "तुमचं काय जातं" मात्र कधी गळत नाही. आता एकदाच सगळं सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी शिडीवरून शांतपणे उतरता येईल.

बाकीच्या प्रश्नांना माझ्याकडे सरळ उत्तरं आहेत. मोबाईलने फोटो काढला की बोर्डावर पट्टे का येतात? कारण सगळ्या ओळी एकदम पेटतच नाहीत. अक्षरांचे बोर्ड ज्या एलईडीच्या तुकड्यांचे बनतात त्या नेहमीच्या पी10 मॉड्यूलमध्ये 16 पैकी 4 ओळी एका वेळी पेटतात, आणि हे चक्र इतकं भराभर फिरतं की डोळ्याला अखंड अक्षर दिसतं. कॅमेरा मात्र मधलाच क्षण पकडतो. टोकाची मॉड्यूलं मंद का? 5 व्होल्टची वायर बारीक टाकली आणि लांब नेली, म्हणून. प्रश्न संपला, माणूस खूश. रेघांचं उत्तर दिलं की मात्र वाद सुरू होतो.

उत्तर असं. बोर्डाला टाकी दिसत नाही, भट्टी दिसत नाही. आरएस-485 च्या दोन तारांवरून पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा कारखान्यातला कॉम्प्युटर, त्याला एक आकडा सांगतो, तो आकडा मॉडबस नावाच्या बोलण्याच्या पद्धतीतल्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे खणात, बसतो, आणि बोर्ड तो पेटवतो. रजिस्टर म्हणजे 16 बिट. त्यात आकडा मावतो. तो कधी मोजला, भरवशाचा आहे की नाही, हे त्यात नसतं. ओपीसी नावाच्या दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक आकड्यासोबत वेळ आणि दर्जा येतो. पण मॉडबस 1979 चा आहे, आणि तो साधा आहे म्हणूनच अजून सगळीकडे टिकून आहे. त्यामुळे हातातला आकडा ताजा की शिळा हे बोर्डाला कळायला एकच मार्ग उरतो: आपल्याशी शेवटचं कोण कधी बोललं, हे मोजत राहणं. मेनूमध्ये टाइमआउट नावाचा पॅरामीटर असतो. त्यात 5 भरले तर 5 सेकंद कोणी बोललं नाही की रेघा येतात. 0 भरलं तर बोर्ड मोजणंच सोडतो आणि शेवटचा आकडा धरून बसतो.

"पण पाच सेकंदात भट्टीचं तापमान बदलतं का हो?" नाही बदलत. शिफ्टचं उत्पादन दाखवणाऱ्या बोर्डावर दहा मिनिटांपूर्वीचा आकडा राहिला तरी आभाळ कोसळत नाही. हे म्हणणं खोटं नाही, आणि ते खोटं नाही म्हणूनच मला अडचणीचं वाटतं.

आता टाकीची गोष्ट. मी ती सहसा सांगत नाही.

टाकी भरायच्या जागेचा बोर्ड होता. चार अंकी, सेव्हन सेगमेंट, 100 मिमी उंचीचे लाल अंक. खाली व्हॉल्व्हपाशी उभ्या माणसाला मान वर केली की टाकी किती टक्के भरली ते दिसावं, एवढंच त्याचं काम. केबल ज्या ट्रेमधून न्यायची होती त्याच ट्रेमध्ये क्रेनच्या व्हीएफडीपासून, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या आणि तारांत गोंगाट करणाऱ्या यंत्रापासून, मोटरपर्यंत जाणारी केबल होती. वेगळा ट्रे मागितला होता, लेखी. मिळाला नाही. मग जे हातात होतं ते केलं: शील्डची केबल, शील्डला एकाच टोकाला अर्थिंग, लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर. तरीही क्रेन लांबपर्यंत चालली की तारांवरचे निरोप बिघडायचे. निरोपासोबत येणारा पडताळणीचा आकडा, सीआरसी, जुळला नाही की बोर्ड तो निरोप टाकून देतो. तसं सलग 5 सेकंद झालं की रेघा. बोर्ड अगदी बरोबर वागत होता. खालच्यांच्या मते तो "सारखा बंद पडत होता".

मग कुणीतरी मेनूत जाऊन 5 चं 0 केलं. रेघा गेल्या. मेंटेनन्सच्या वहीत नोंद झाली, "बोर्ड दुरुस्त केला." माझ्या कामावर कुणी इतकं समाधानी झाल्याचं मला आठवत नाही.

पुढे एका रात्रपाळीत पीएलसीकडच्या टर्मिनलमधून वायर निसटली. कंपनांनी स्क्रू ढिले होतात, टोकाला फेरूल, म्हणजे धातूची टोपी, न लावलेली वायर तर हमखास सुटते. ती वायर माझी नव्हती, पण ते असो. बोर्ड 71 वर थांबला. व्हॉल्व्हपाशी होते ते वयाने मोठे, सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांनी वर पाहिलं, 71. दुसरं काम उरकून आले, पुन्हा पाहिलं, 71. गाळणी चोंदली की टाकी सावकाश भरते, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. म्हणून त्यांनी व्हॉल्व्ह आणखी थोडा उघडला.

हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जड जातं. निष्काळजी माणूस व्हॉल्व्ह उघडत नाही. जो बोर्डाकडे बघतो, आकड्याचा अर्थ लावतो, त्यावरून काम करतो, तोच उघडतो. बोर्ड वाचणारा माणूस जसा असावा असं मला वाटतं, तसेच ते होते.

गरम द्रव टाकीच्या कडेवरून खाली आला. काका वेळेत बाजूला झाले, कुणाला भाजलं नाही. टाकी काठोकाठ आली की भरणं थांबवणारा हाय लेव्हल स्विच होता, पण त्याच्या टर्मिनलवर जंपर मारून, म्हणजे तार जोडून, तो निकामी करून ठेवला होता. तोही माझ्या कामाचा भाग नव्हता. मी हे दुसऱ्यांदा म्हणतोय, माझ्या लक्षात आलंय.

चौकशीसाठी माझा तपासणी अहवाल मागवला. छापील फॉर्म होता. पहिला रकाना, "डिस्प्लेची स्थिती." सगळे सेगमेंट पेटत होते, सप्लाय ठीक होता, पीएलसीकडची वायर घट्ट केल्यावर आकडा लगेच हलला. मी लिहिलं, "सुस्थितीत." पुढच्या पानावर सविस्तर लिहिलं: वायर सुटलेली आढळली, टाइमआउट 0 आहे, त्यामुळे संपर्क तुटल्यावर जुना आकडा कायम राहिला, टाइमआउट 5 करून वायरिंग वेगळ्या ट्रेमधून न्यावं. चौकशीत पहिला रकाना वाचला गेला. बोर्ड सुस्थितीत होता, म्हणजे लक्ष नसलेला माणूस होता. काकांवर ठपका आला.

नंतर ते मला गेटपाशी भेटले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "साहेब, बोर्ड चालू होता ना? मग मी चुकलो कुठे?" चौकशीवाले म्हणत होते, बोर्ड चालू होता, म्हणजे चूक काकांची. काका म्हणत होते, बोर्ड चालू होता, म्हणजे चूक माझी नाही. दोघांच्या हातात माझा एकच रकाना.

तेव्हाच्या मला विचारलंत तर तो अजूनही ताठ उभा राहील. "नादुरुस्त" लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. बोर्डाला जसं सांगितलं होतं तसाच तो वागला. दुसरं पान कुणी वाचलं नाही, हा माझा दोष नाही. बरोबर. पण त्या रकान्यात "पुढील पान पाहा" एवढे तीन शब्द मावत होते, असं मी त्याला म्हणतो. तो म्हणतो, त्यांनी तेही पाहिलं नसतं. यापुढे आमचं बोलणं सरकत नाही.

म्हणून मी रेघांचा हट्ट धरतो. हट्ट धरताना इंग्लंडमधल्या बन्सफील्ड तेलसाठ्याचा दाखला द्यायचो. तिथे 11 डिसेंबर 2005 च्या पहाटे पेट्रोलची टाकी भरत होती, पातळीचा गेज सुमारे दोन तृतीयांशावर अडकला, वरचा स्वतंत्र स्विच चाललाच नाही. टाकी ओसंडली, वाफेचा ढग पसरला आणि सहाच्या सुमारास स्फोट झाला. चाळीसहून जास्त माणसं जखमी झाली. तो गेज आधीही वारंवार अडकला होता.

दाखला ऐकून समोरचा गप्प बसायचा. मग मीच नीट विचार केला आणि दाखला द्यायचं सोडलं. कारण तिथे पडद्यावर आकडा येत होता, फक्त एकच येत होता. तारा शाबूत, निरोप वेळेवर. माझा 5 सेकंदांचा टाइमआउट तिथे लावला असता तरी एकही रेघ उमटली नसती. पीएलसीकडून दर सेकंदाला वाढणारा एक मोजणीचा आकडा मागवला, तर पीएलसी गोठला की बोर्डाला कळतं. पण गेज अडकला तर त्यानेही काही कळत नाही. पंप चालू असून पातळी हलत नाही, हे तपासायचं काम पीएलसीच्या प्रोग्रॅमचं, आणि तो लिहिणारा बोर्डवाल्याला विचारत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या बाजूची आहे, तीही सांगतो. रेघा सारख्या आल्या की माणसं बोर्डाकडे बघायचंच सोडतात. त्या ट्रेमधून केबल नेल्यावर 5 सेकंद ही माझी निवड होती. 15 ठेवले असते तर क्रेनच्या बऱ्याच फेऱ्या निभावल्या असत्या, आणि मेनूत हात घालायची कुणाला गरजही पडली नसती. किंवा पडली असती. जुना आकडा लुकलुकता ठेवावा, असंही सुचवतात. पण बऱ्याच ठिकाणी लुकलुकणं म्हणजे अलार्म, आणि विझलेल्या अर्ध्या वेळात आकडा वाचताच येत नाही. दोन ओळींचा बोर्ड असेल तर खाली "40 से. जुना" असं दाखवता येतं; मी दाखवतोही. चार अंकी बोर्डावर त्याला जागा कुठे?

हल्ली मी टाइमआउट किती ठेवायचा ते जागेवर, खाली उभ्या राहणाऱ्या माणसाला विचारून ठरवतो. मेनूला पासवर्ड टाकतो, म्हणून मला रात्रीचे फोन येतात. आणि कुणी 0 भरायला सांगितलं तर नाही म्हणत नाही. सही करून लेखी मागतो. तोंडी सगळेच सांगतात. सहीचा कागद अजून कुणी आणून दिलेला नाही.