महाराष्ट्रात भागीदारी फर्मची नोंदणी: आधी करारनामा नीट करा

सुरुवात करारनाम्यापासून. भांडवल, नफ्या-तोट्याची टक्केवारी, बँकेत सही कोणाची, कोणी बाहेर पडला तर हिशेब कसा, हे सगळं स्पष्ट लिहा. भांडवलावर व्याज द्यायचं असेल तर दर करारातच हवा. आयकरात त्याची वजावट १२ टक्क्यांपर्यंतच मिळते. मुद्रांक शुल्क भांडवलाच्या रकमेवर ठरतं, त्यामुळे कुठला तरी जुना स्टॅम्प पेपर उचलू नका.

मग फर्मच्या नावाने पॅन. घोळ इथेच होतो: करारात ‘आणि कंपनी’, पॅनवर ‘अँड कंपनी’, की बँक खातं अडलंच. स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा.

पुढे निबंधक, भागीदारी संस्था यांच्याकडे नोंदणी. ‘नंतर बघू’ म्हणणारे बरेच, पण १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या फर्मला करारातली थकबाकी वसूल करायला ग्राहकावर दावा लावता येत नाही. ग्राहक मात्र फर्मवर लावू शकतो! उधारीच्या धंद्यात हे फार महागात पडतं.

व्यवसाय कर विसरू नका: प्रत्येक भागीदाराला वर्षाला २,५०० रुपये. कामगार ठेवले की त्यांच्या पगारातून कापायच्या करासाठी वेगळी नोंदणी. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग म्हणून सरकारकडे नोंद) मोफत आहे. तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.