डोंगरावर रचलेले जेरुसलेम

महाराष्ट्रात एखाद्या गावाला ‘प्रतिपंढरपूर’ म्हटले की ज्याला चंद्रभागेपर्यंत पोहोचणे जमत नाही त्याची सोय जवळच झालेली आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. येशूला जेरुसलेमजवळच्या ज्या टेकडीवर क्रुसावर चढवले ती कालवारी; तिच्या नावाने युरोपात रचलेल्या डोंगरांकडे मी याच नजरेने पाहत आलो आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची तीनशे वर्षे इटली, पोलंड, पोर्तुगाल अशा कॅथलिक देशांत गावालगतच्या टेकड्यांवर येशूचे दुःखसहन आणि क्रुसावरील मरण यांचे प्रसंग मूर्ती व चित्रे यांतून उभे केले गेले, आणि त्या प्रसंगांना जोडत चढत जाणारी वाट आखली गेली. कलेचे अभ्यासक या मूर्तींविषयी भरभरून लिहितात आणि ते योग्यच आहे. परंतु या डोंगरांवरची मूळ रचना वाट हीच आहे आणि मूर्ती हे तिच्यावरचे मुक्काम आहेत, असे माझे मत आहे. वाट कोणी, कशासाठी आणि कोणत्या हिशेबाने आखली हे कळल्याखेरीज मूर्तींचाही पुरता उलगडा होत नाही.

या प्रकारातला सर्वांत जुना मोठा डोंगर उत्तर इटलीत, सेझिया नदीच्या खोऱ्यात, वराल्लो गावाच्या डोक्यावर आहे. बेर्नार्दिनो काइमी हा फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातला, संन्यासी पवित्र भूमीत राहून, तेथील स्थळांची देखभाल करणाऱ्या मंडळींत काम करून परतला होता. जेरुसलेमची यात्रा तेव्हा महागडी, लांबची आणि तुर्की सत्तेच्या वाढत्या दबदब्यामुळे जोखमीची झाली होती. काइमीने १४८६ मध्ये पोपकडून परवानगी मिळवली आणि १४९१ मध्ये डोंगरावर येशूच्या कबरीची प्रतिकृती उभी राहिली. तिच्यावरील लॅटिन शिलालेखात हेतू स्वच्छ सांगितलेला आहे: ज्याला तेथवर प्रवास करता येत नाही, त्याने येथे जेरुसलेम पाहावे.

काइमीच्या मनात होता तो एक नकाशा. नाझरेथ, बेथलेहेम आणि जेरुसलेम यांची स्थळे त्याने डोंगरावर त्यांच्या भौगोलिक स्थानांचा विचार करून विखरून मांडली. यात्रेकरू संन्याशाच्या मागोमाग एका स्थळावरून दुसऱ्यावर जाई, प्रत्येक स्थळाच्या चॅपेलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिराच्या, आत शिरे आणि मूर्तींच्या शेजारी उभा राही. गौदेन्त्सियो फेर्रारी या तेथल्याच खोऱ्यात जन्मलेल्या कलावंताने १५२० च्या सुमारास रंगवलेले आणि घडवलेले क्रुसारोपणाचे चॅपेल याच विचारातून आले आहे. त्यात माणसांच्या मापाच्या मूर्ती आहेत, घोडे आहेत, खरे केस लावलेली डोकी आहेत, आणि जेथे मूर्ती संपतात तेथे भिंतीवरच्या चित्रातली गर्दी सुरू होते, ती इतक्या सहजपणे की शिल्प कोठे थांबले आणि रंग कोठे सुरू झाला याची सीमारेषा शोधावी लागते. त्या गर्दीत मधोमध उभे राहणाऱ्या शेतकऱ्याला आपण बघे आहोत की साक्षीदार, असा प्रश्न पडला असेल का, हे मला नेहमी जाणून घ्यावेसे वाटते.

पुढे प्रॉटेस्टंट चळवळीला उत्तर म्हणून भरलेली ट्रेंटची परिषद १५६३ मध्ये संपली आणि धर्मशिक्षणाला शिस्त लावण्याचे वारे वराल्लोपर्यंत पोहोचले. गालेआत्सो आलेस्सी या वास्तुरचनाकाराने १५६० च्या दशकात डोंगराचा नवा आराखडा केला, आणि मिलानचे आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ यांनी त्या कामात जातीने लक्ष घातले. (मृत्यूपूर्वी काही आठवडे, १५८४ च्या शरद ऋतूत, ते याच डोंगरावर प्रार्थनेसाठी राहिले होते आणि रात्री कंदील घेऊन एका चॅपेलमधून दुसऱ्यात जात असत.) विखुरलेली स्थळे आता क्रमाने लागली. पहिल्या चॅपेलमध्ये आदाम आणि हव्वा, मग देवदूताचे मरियेला दर्शन, येशूचा जन्म, चमत्कार, आणि शेवटाकडे दुःखसहन असा कथेचा ओघ तयार झाला. नकाशाची अशी गोष्ट झाली, आणि त्याबरोबर यात्रेकरूची जागाही बदलली. तो आता चॅपेलच्या बाहेर, जाळीपलीकडे उभा राहू लागला. लाकडी पडद्यांमध्ये नेमक्या जागी भोके ठेवलेली आहेत. त्यांतल्या बऱ्याच भोकांना डोळा लावायचा तर गुडघे टेकावे लागतात, आणि त्या भोकातून जे दिसते तेच दाखवण्याचा कलावंताचा आणि धर्मगुरूंचा इरादा असतो. भाविकाची भक्ती आणि प्रेक्षकाची नजर एकाच सुताराने एकाच पटाशीने घडवावी, याचे मला कौतुकही वाटते आणि थोडा धाकही वाटतो. माझा कल मात्र काइमीच्या जुन्या, आत शिरू देणाऱ्या डोंगराकडेच आहे.

आज वराल्लोला बॅसिलिकेसह (मुख्य चर्चसह) ४५ वास्तू आणि सुमारे ८०० मूर्ती आहेत. त्यांत एक गोष्ट आवर्जून पाहावी. येशूला छळणाऱ्या शिपायांपैकी आणि हुल्लडबाजांपैकी काहींच्या गळ्याला मोठाले गलगंड आहेत. आल्प्सच्या या खोऱ्यांत अन्नपाण्यात आयोडीन कमी असल्याने गलगंड ही घरोघरची व्याधी होती, आणि मूर्तिकारांनी दुष्टांचे चेहरे बहुधा बाजारात रोज दिसणाऱ्या माणसांवरून घेतले. छळ करणारे लोक दूरदेशीचे रोमन न राहता शेजारच्या आळीतले झाले. ज्या रुग्णांचे गळे असे कायमचे खलनायकांना चिकटवले गेले, त्यांच्यावर यात अन्यायच झाला, हेही म्हटले पाहिजे.

वराल्लोच्या पाठोपाठ आसपासच्या पर्वतराजीत क्रेआ, ओर्ता, वारेझे, ओरोपा असे डोंगर रचले गेले. त्यांतले नऊ २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत एकत्रितपणे आले. सगळेच दुःखसहनाचे नाहीत. ओर्ता संत फ्रान्सिसच्या चरित्राचा आहे, तर वारेझेची वाट रोझरीच्या, म्हणजे मरियेच्या जपमाळेच्या, रहस्यांवरून (येशू व मरिया यांच्या चरित्रातील प्रसंगांवरून) आखलेली आहे. दोमोदोस्सोला येथील डोंगर मात्र नावानेच कालवारी आहे. फ्रान्सिस्कनांच्याच कापुचिन शाखेतील दोन संन्याशांनी १६५६ मध्ये तो सुरू केला आणि क्रुसाच्या वाटेतील स्थाने, म्हणजे क्रूस वाहत मरणाकडे निघालेल्या येशूचे वाटेवरचे प्रसंग, हाच त्याचा विषय ठेवला.

ही स्थाने चौदाच असावीत हे बरेच उशिरा ठरले. वेगवेगळ्या प्रांतांत त्यांची संख्या वेगवेगळी असे; पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ मध्ये चौदा हा आकडा पक्का केला आणि तोवर फ्रान्सिस्कनांच्या चर्चपुरती असलेली ही भक्ती इतर चर्चसाठीही खुली झाली. वसईच्या किंवा गोव्याच्या कोणत्याही चर्चच्या आतल्या भिंतींवर ज्या चौदा तसबिरी ओळीने लावलेल्या दिसतात आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील शुक्रवारी ज्यांच्यासमोर थांबत थांबत क्रुसाची वाट केली जाते, त्या या डोंगरांच्याच नात्यातल्या. चढ गेला, पायपीट चर्चच्या लांबीएवढी उरली, तरी एका स्थानापाशी थांबणे, गुडघे टेकणे, उठणे आणि पुढच्या स्थानाकडे सरकणे हा क्रम जसाच्या तसा टिकला आहे.

पोलंडमधील काल्वारिया झेब्झिदोव्स्का हा मला या सर्वांत अधिक विलक्षण वाटणारा डोंगर, कारण तेथे वाट खरोखर मोजून काढलेली आहे. क्राकोव्ह प्रांताचा सुभेदार मिकोवाय झेब्झिदोव्स्की याने १६०० मध्ये आपल्या जहागिरीतील झार नावाच्या टेकडीवर क्रुसारोपणाचे चॅपेल बांधायला घेतले. दरबारातील एका सरदाराने जेरुसलेमच्या यात्रेहून आणलेल्या तेथील स्थळांच्या प्रतिकृती त्याच्यापुढे होत्या. त्याच्या पत्नीला त्या टेकडीवर जळते क्रूस दिसले, अशी आख्यायिकाही सांगतात. मूळ बेत एका चॅपेलचा होता. पण आद्रिकोमिउस या डच धर्मगुरूचे येशूकालीन जेरुसलेमचे वर्णन हाती आले आणि बेत वाढत गेला. गंमत अशी की आद्रिकोमिउसने स्वतः जेरुसलेम पाहिलेले नव्हते. प्रवाशांचे वृत्तान्त आणि जुने ग्रंथ यांच्या आधाराने त्याने नगरातील स्थळे आणि त्यांच्यामधील अंतरे लिहून काढली होती. त्या पुस्तकी अंतरांवरून पोलंडच्या हिरव्या टेकड्यांवर येशूला शिक्षा सुनावणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताचा वाडा, ज्यू प्रमुख याजक कयफाचे घर, येशूला पकडले ती गेथशेमाने बाग अशी ठिकाणे नेमली गेली. खालून वाहणाऱ्या स्काविंका ओढ्याला जेरुसलेमजवळच्या ओढ्याचे केद्रोन हे नाव मिळाले आणि त्याच्यावरचा पूल यात्रेचा भाग झाला. ते नगर कधीही न पाहिलेल्या माणसाने केलेले त्याचे मोजमाप चार शतके लाखो पावलांखाली खरे ठरत आले आहे.

बहुतेक चॅपेलांची रचना पॉल बाउडार्थ या फ्लेमिश कलावंताने केली आणि तिच्यात त्याने मजा केलेली दिसते. एकाचा तळ ग्रीक क्रुसाच्या आकाराचा, एकाचा लंबवर्तुळाकार, आणि मरिया व येशू यांच्या भेटीच्या चॅपेलचा हृदयाकार. पिलाताच्या वाड्यातील पवित्र पायऱ्या गुडघ्यांवरच चढायच्या असतात. डोंगराची व्यवस्था फ्रान्सिस्कनांच्याच बेर्नार्दिन शाखेकडे सोपवली गेली. झेब्झिदोव्स्की स्वतः काही संन्यस्त वृत्तीचा माणूस नव्हता; डोंगराचे काम चालू असतानाच, १६०६ मध्ये, त्याने राजा तिसऱ्या सिगिस्मुंडविरुद्ध बंड पुकारले आणि युद्धात हार खाल्ली.

या वाटांना पोलिश लोक ‘द्रुझ्की’ म्हणतात. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातील गुरुवारी आणि शुक्रवारी तेथे दुःखसहनाचे प्रसंग वाटेवरच, चालत्या गर्दीबरोबर साकारले जातात, आणि ऑगस्टमध्ये मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला पुन्हा अशीच दाटी होते. पोप दुसरे जॉन पॉल जवळच्याच वादोवित्से गावचे. आई वारल्यानंतर लहानपणी ते वडिलांबरोबर येथे येत. पोप झाल्यावर १९७९ मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये आले. हे स्थळ १९९९ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, आणि डोंगराइतकेच त्याच्या भोवतालच्या निसर्गाचेही जतन त्यामुळे बंधनकारक झाले, हे उत्तमच झाले.

पोर्तुगालमधील ब्रागा शहराबाहेरच्या बों जेझुस दो मोंतेविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण तेथे नजर चालण्यापेक्षा देखाव्यात अधिक रमते. जुन्या गोव्याच्या बॅसिलिकेचे आणि या डोंगराचे नाव एकच. येथील नागमोडी जिना आर्चबिशप रोद्रिगो द मोउरा तेलेस यांनी १७२२ मध्ये सुरू केला आणि तो सुमारे ११६ मीटर उंची चढतो. खालच्या भागात दुःखसहनाची चॅपेले आहेत. मध्यावर पंचेंद्रियांची कारंजी लागतात, त्यांत दृष्टीच्या मूर्तीच्या डोळ्यांतून, श्रवणाच्या कानांतून, घ्राणाच्या नाकातून पाणी वाहते. दुःखसहनाच्या वाटेवर नाकातून वाहणारे पाणी हा बरोक काळाचा, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातील भपकेदार कलेच्या काळाचा, खास चावटपणा आहे, आणि मला तो आवडतो. जिन्याच्या कडेने १८८२ पासून चालणारी पाण्याच्या वजनाची रेल्वे आहे: वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात, तो जड होऊन खाली उतरतो आणि दोराने जोडलेला दुसरा डबा वर ओढला जातो.

वराल्लोलाही वर नेणारा दोरावरचा पाळणा (रोपवे) आहे. वाचकांपैकी कोणी जाणार असेल तर त्यांना माझा आग्रह राहील की पायथ्याच्या सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या चर्चमध्ये गौदेन्त्सियोने १५१३ मध्ये रंगवलेली येशूचरित्राची भिंत आधी पाहावी, दगडी वाटेने चालत वर जावे, आणि पाळण्याचे तिकीट फक्त उतरण्यापुरते काढावे. काल्वारियाला जायचे असेल तर पवित्र आठवडा टाळू नये. मात्र राहण्याची सोय क्राकोव्हमध्ये करावी आणि पहाटेच निघावे.