रात्रपाळीचा फिल्टर

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या चटया, पाइप आणि डाळी यांचे कारखाने शेजारी शेजारी आहेत, आणि वसाहतीच्या कडेने कामगारांच्या वस्त्या वाढत गेल्या आहेत. मी तेव्हा एका खासगी प्रयोगशाळेत हवेचे नमुने घेण्याचे काम करत होतो. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर सकाळी काळे कण बसलेले असतात आणि पहाटे लहान मुलांना खोकल्याची उबळ येते, अशी तक्रार अशाच एका वस्तीतून आली होती. लोकांचा सगळा रोष समोरच्या कारखान्याच्या धुराड्यावर होता, कारण गच्चीवर उभे राहिले की पहिल्यांदा तेच दिसत असे.

जानेवारीच्या मध्यावर आम्ही एका दुमजली घराच्या गच्चीवर सॅम्पलर, म्हणजे हवेचा नमुना घेणारे यंत्र, बसवला. यंत्राचे तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर असावे आणि आसपास झाड किंवा भिंत आड येऊ नये, हा नियम तिथे नीट पाळता आला. यंत्र दर मिनिटाला सुमारे १.१ घनमीटर हवा ओढते. जाड धूळ सायक्लोनमध्ये, म्हणजे हवा गोल फिरवणाऱ्या भागात, गरगरत खालच्या कपात पडते आणि १० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक धूळ काचतंतूंच्या पांढऱ्या फिल्टर पेपरवर बसते. दर आठ तासांनी, म्हणजे सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा वाजता, हा पेपर बदलायचा असतो. कारखान्यातल्या पाळ्या याच वेळांना बदलत असल्यामुळे आम्हीही त्या पेपरांना पहिली, दुसरी आणि रात्रपाळी असेच म्हणत असू. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांच्यासाठी बर्फात ठेवलेल्या द्रावणाच्या नळ्या दर चार तासांनी बदलाव्या लागत, पण त्या दोन्ही वायूंचे आकडे मर्यादेच्या कितीतरी खाली आले, त्यामुळे त्यांच्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

घरच्या काकू अमळनेरकडच्या. मी पहिला पेपर लावत असताना त्या चहा घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, वास रातले येस, तुम्ही ते दिवसले येतस." याआधी येऊन गेलेली माणसे दुपारी येऊन, धुराड्याकडे पाहून आणि सही घेऊन परत गेली होती, असे त्यांच्या बोलण्यातून कळले. मी रात्री तिथेच थांबायचे ठरवले. आमच्या कामात रात्रीचा पेपर लावून घरी जायचे आणि सकाळी येऊन तो काढायचा, अशीच पद्धत होती, आणि काकू बोलल्या नसत्या तर मीही तेच केले असते.

खानदेशातल्या हिवाळ्याच्या रात्रीचे एक वैशिष्ट्य आहे. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये तापीचे लांबट खोरे पसरलेले आहे. आभाळ निरभ्र असले की सूर्यास्तानंतर जमीन झपाट्याने थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड आणि जड होते, आणि वरच्या उबदार हवेचे जणू झाकण बसते. वारा जवळजवळ पडलेला असतो. दिवसा जो धूर उंच जाऊन विरून गेला असता, तो अशा रात्री गच्चीच्या उंचीवर आडवा पसरून राहतो. साडेअकराच्या सुमारास मला तेच दिसले. रस्त्यावरच्या दिव्याभोवती करडा पट्टा तयार झाला होता आणि नाकाला जळक्या प्लॅस्टिकचा गोडसर, झोंबणारा वास येत होता. हे दिवस भरताच्या मेजवान्यांचे असतात. शेताशेतांत पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात, म्हणून मी आधी तीही शक्यता मनात धरली होती. पण लाकडाच्या धुराचा वास ओळखीचा असतो, आणि हा तो नव्हता. समोरचे धुराडे मात्र शांत होते. त्या कारखान्याचा बॉयलर रात्री बंदच असे, हे मला नंतर कळले.

पहाटे सहाला मी पेपर काढला. दिवसाचे दोन्ही पेपर मातकट होते. हा काजळीसारखा काळा होता आणि दुमडताना त्यातून तोच वास आला.

फिल्टर पेपर लगेच तोलत नाहीत. ओलाव्यामुळे वजन फसवते, म्हणून तो आधी कोरा असताना आणि मग नमुना घेतल्यावर प्रत्येकी चोवीस तास डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात, ठेवावा लागतो. आठ तासांत यंत्रातून साधारण ५२८ घनमीटर हवा जाते, म्हणजे पेपरचे वजन ५३ मिलिग्रॅमच्या आसपास वाढले तर हवेतल्या धुळीचा आकडा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम निघतो. २००९ च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे १० मायक्रॉनपर्यंतच्या धुळीची चोवीस तासांची मर्यादा नेमकी तेवढीच आहे. मी तिन्ही पेपर तोलले आणि थबकलो. काळा पेपर सर्वांत हलका होता. मध्यरात्री वीज पस्तीस मिनिटे गेली होती; तिचा हिशेब यंत्राच्या तासमापीवरून लावला, हवेचा प्रवाह दाखवणाऱ्या मॅनोमीटरची सुरुवातीची आणि शेवटची नोंद पुन्हा पाहिली, तराजू तपासून परत वजन केले; तरी उत्तर बदलले नाही. तिन्ही पाळ्यांची सरासरी मर्यादेच्या किंचित आत बसली, आणि ती आत बसण्याचे कारण तो रात्रीचा काळा पेपरच होता.

यात खरे तर चमत्कार काही नव्हता. रस्त्याची धूळ म्हणजे मातीचे जाड, जड कण, तर काजळीचे कण इतके बारीक असतात की पेपर काळाकुट्ट होऊनही वजन फारसे वाढत नाही. पण नाकातल्या केसांत आणि घशात अडकते ती जाड धूळ. काजळी फुप्फुसाच्या तळापर्यंत उतरते. आमचा तराजू हा फरक जाणत नव्हता, आणि अहवालाच्या नमुन्यात तर सरासरीचा एकच रकाना होता. तो भरून "मर्यादेत" असा शेरा मारला असता तर अहवाल नियमाप्रमाणे अगदी बिनचूक ठरला असता आणि काकूंची तक्रार कायमची खोटी पडली असती. त्या विचाराने मी त्या दिवशी जितका अस्वस्थ झालो तितका या नोकरीत पुन्हा क्वचितच झालो असेन.

मी तिन्ही पेपर आमच्या सरांच्या टेबलावर ओळीने मांडले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "रंग हा पुरावा होत नाही, पण पुरावा कुठे शोधायचा ते रंग सांगतो. बारीक धुळीचे यंत्र घेऊन जा." ते यंत्र २.५ मायक्रॉनपर्यंतचीच धूळ धरते आणि मिनिटाला केवळ १६.७ लिटर हवा ओढते, त्यामुळे चोवीस तासांत जेमतेम २४ घनमीटर हवा त्यातून जाते. त्या धुळीची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे सुमारे १.४ मिलिग्रॅम वजनवाढीवर सगळा निकाल अवलंबून असतो. हाताचा घाम लागला तरी नमुना वाया जाईल, इतके ते नाजूक काम आहे. आम्ही लागोपाठ दोन दिवस नमुने घेतले आणि दोन्ही दिवस आकडा मर्यादेबाहेर गेला. वर्षातले दोन टक्के दिवस मर्यादा ओलांडली तर मानके ते चालवून घेतात, पण सलग दोन दिवस नाही. हवा गुणवत्ता निर्देशांकात जो घटक सर्वांत वाईट असेल तोच धरला जातो; त्यामुळे १० मायक्रॉनपर्यंतच्या धुळीवर "समाधानकारक" ठरणारी ती हवा आता "मध्यम" ठरली.

त्यानंतर वस्तीतले दोन तरुण, कारखानदारांचे एक प्रतिनिधी आणि मी असे रात्री अकराला चालत निघालो. वासाच्या मागाने गेल्यावर एका पडीक भूखंडावर तीन ठिकाणी जाळ दिसला. चटईच्या कडा कापल्यावर उरणाऱ्या रंगीत पट्ट्या तिथे जळत होत्या. त्यांतल्या स्वच्छ पट्ट्या वितळवून पुन्हा दाणा करता येतो आणि त्याला भाव मिळतो. माती आणि तेल लागलेल्या पट्ट्या कोणी घेत नाही, आणि भंगार वेचणारे त्या तिथेच पेटवत. दोन जाळ त्यांचे होते. तिसऱ्याभोवती आजूबाजूच्या कारखान्यांचे पहारेकरी शेकत बसले होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने मला बसायला वीट सरकवली. रात्रभर उघड्यावर उभे राहणाऱ्या माणसाला लाकूड कोणी देत नाही आणि पट्ट्या फुकट पडलेल्या असतात, हे त्यांनी कुठलाही आव न आणता सांगितले. सर्वांत जास्त धूर त्यांच्याच छातीत जात होता. उघड्यावर कचरा जाळल्याबद्दल ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्याबद्दल २५,००० रुपये भरपाई घेण्याचा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१६ चा आदेश मला पाठ होता, पण त्या विटेवर बसून मी तो उच्चारू शकलो नाही.

अहवालात मी सरासरीच्या रकान्याखाली तिन्ही पाळ्यांचे आकडे स्वतंत्र लिहिले, पेपरांची छायाचित्रे जोडली आणि जाळाच्या जागा नकाशावर दाखवल्या. धुराड्याचा या काळ्या कणांशी संबंध आढळला नाही, हेही स्पष्ट लिहिले. वस्तीतल्या काहींना ते आवडले नाही. पुढच्या काही आठवड्यांत कारखानदारांनी पट्ट्या यंत्राजवळच वेगळ्या साठवायला सुरुवात केली, म्हणजे त्यांना माती लागण्याचा प्रश्नच कमी झाला, आणि पहारेकऱ्यांसाठी वर्गणी काढून बंदिस्त खोली आणि जाड कांबळी यांची सोय केली. मला विचाराल तर त्या हंगामातले हवा सुधारण्याचे सर्वांत स्वस्त काम ते होते.

फेब्रुवारीत त्याच गच्चीवर पुन्हा नमुने घेतले. रात्रपाळीचा पेपर करडा निघाला आणि बारीक धूळ मर्यादेच्या आत आली. दिवसाचे पेपर मात्र पूर्वीइतकेच मातकट होते, कारण वस्तीसमोरचा रस्ता उखडलेला होता आणि त्यावरून दिवसभर मालमोटारी धावत होत्या. सायक्लोनचा कप मातीने भरला होता. ती माती मी एका पारदर्शक पिशवीत घालून दुसऱ्या अहवालाला जोडली आणि शिफारशींत त्या रस्त्याचे काम पहिल्या क्रमांकावर लिहिले.