दवंडी ०.३ : संदेश निघतो, पण जातो कुठे?

दवंडी म्हणजे एकाच नेटवर्कवरच्या सगळ्या संगणकांना एकदम संदेश पाठवणारा माझा प्रोग्रॅम; ही त्याची ०.३ आवृत्ती. खिडकी तीच आहे. वर लिहायची चौकट, शेजारी 'पाठवा' बटण, खाली आलेल्या संदेशांची यादी. भाषा पायथन, खिडकीसाठी तिचं टीकिंटर. या वेळची सगळी झटापट आतली, दिसण्यात काडीचा फरक नाही.

२५५.२५५.२५५.२५५ या 'सगळ्यांसाठी'च्या (ब्रॉडकास्ट) पत्त्यावर पाठवताना परवानगी नाकारली जायची. यूडीपी सॉकेटवर (पोच न मागता संदेश पाठवायच्या दारावर) एसओ_ब्रॉडकास्ट हा पर्याय चालू करायचा राहिला होता. चुकून कुणी अख्ख्या नेटवर्कभर ओरडू नये म्हणून घातलेली कडी आहे ती. पाच मिनिटांत सुटलं.

मग खरा घोळ. एरर नाही, पाठवलेल्या बाइटचा आकडा बरोबर, आणि दुसरा लॅपटॉप ढिम्म! दोन संध्याकाळी फायरवॉलला शिव्या घालण्यात गेल्या. शेवटी वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं साधन) लावलं, तर पॅकेट व्हर्च्युअल मशीनच्या आभासी नेटवर्क कार्डातून बाहेर पडत होतं. २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यात कुठलं नेटवर्क हे सांगितलेलंच नसतं, त्यामुळे कार्ड दोन असली की निवड ऑपरेटिंग सिस्टिम करते. आता थेट सबनेटचा (आपल्या स्थानिक नेटवर्कचा) ब्रॉडकास्ट पत्ता वापरतो. फक्त शेवटचा आकडा २५५ केला की झालं, असं समजू नका. मास्क (पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५२.० असेल, तर १९२.१६८.४.२० या मशीनसाठी तो पत्ता १९२.१६८.७.२५५ येतो. पायथनचं आयपीअ‍ॅड्रेस मॉड्यूल हे गणित करून देतं.

ऐकणारा भाग वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्यात, टाकला. थ्रेड संदेश रांगेत ठेवतो, खिडकी दर १०० मिलिसेकंदांनी रांग बघते. संदेशाची वाट बघताना खिडकीचं गोठणं बंद.

मराठी संदेशांनी मात्र गंमत केली. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना आणि हलंतसुद्धा. नुसता 'नमस्कार' २१ बाइटांचा! आलेला संदेश झेलणारा माझा बफर १०२४ बाइटांचा. लिनक्सवर लांब संदेश गुपचूप कापला जायचा, तोही कधी कधी अक्षराच्या मधोमध, आणि डीकोड करताना प्रोग्रॅम कोसळायचा. आता पाठवतानाच १४७२ बाइटांची मर्यादा घातली आहे. इथरनेटच्या एका पॅकेटच्या १५०० बाइटांतून आयपीच्या हेडरचे २० आणि यूडीपीच्या हेडरचे ८ वजा केले की एवढेच उरतात. बफरही २०४८ केला.

राहिलेलं दुखणं वायफायचं. अ‍ॅक्सेस पॉइंटने (वायफायच्या डब्याने) पसरवलेल्या ब्रॉडकास्टची पोच कुणी देत नाही, म्हणून हरवलेला संदेश हरवलाच. प्रत्येक संदेश क्रमांक घालून तीनदा पाठवायचा आणि दुबार आलेले गाळायचे, असा बेत आहे. कोड अजून लिहिलेला नाही.