तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रपुस्तकाचा सिनेमा होतो कसा?

शिक्षक विचारतात, पालक विचारतात, अ‍ॅनिमेशन शिकणारी मुलं तर हमखास विचारतात: ‘चित्रपुस्तक दहा मिनिटांत वाचून होतं, त्याचा सिनेमा कसा होतो? आणि आम्ही नागपुरात बसून केला तर जमेल का?’ जमेल. फक्त पुस्तक ताणायचं नाही.

बरीचशी चित्रपुस्तकं 32 पानांची असतात, कारण छापताना 16 पानांचे दोन फर्मे (एक मोठा कागद घडी घालून होणारे पानांचे संच) होतात. मुखपृष्ठानंतरचं नाव, श्रेय वगैरे सोडलं तर गोष्टीला बारा-चौदा जोडपानं उरतात. दीड तासाला एवढा ऐवज पुरत नाही. ‘श्रेक’चं पुस्तक 1990चं, सिनेमा 2001चा, राक्षस, गाढव, राजकन्या पुस्तकातली, पण बहुतेक कथानक नव्याने रचलेलं. ‘द स्नोमॅन’ हे 1978चं बिनशब्दांचं पुस्तक. त्याचा 1982 साली झालेला सिनेमा जेमतेम 26 मिनिटांचा, तरी त्यात सांताक्लॉजची भेट नवी घालावी लागली. म्हणून पहिला सिनेमा सात मिनिटांचाच करा. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे एकामागून एक झळकणाऱ्या चौकटी, असतात. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तर सेकंदाला 12 चित्रं, म्हणजे सात मिनिटांना 5,040. दीड तासाला हाच आकडा 64,800 होतो.

सगळ्यात जास्त जीव लावावा तो पान उलटण्याच्या क्षणाला. पुस्तकात पान कधी उलटायचं ते मूल ठरवतं. ते कोपऱ्यातलं मांजर शोधतं, मागे जातं, परत बघतं. सिनेमात हे सगळं आपण ठरवतो, आणि घाई होते ती नेमकी इथेच. समजा गोष्ट तान्ह्या पोळ्याची आहे, म्हणजे मुलं लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातात त्या सणाची. एका मुलीच्या लाकडी नंदीचं चाक निखळतं आणि बोजारा (घरोघरी मिळणारे पैसे, खाऊ) मागायला निघालेली पोरं पुढे जातात. पुस्तकात डाव्या पानावर रिकामी गल्ली, आणि पान उलटल्यावर चाक सापडतं. इथे लगेच चाकावर कॅमेरा नेला की मजा गेली. रिकामी गल्ली चार-पाच सेकंद तशीच ठेवा, फक्त तोरण हलू द्या. मग चित्राबाहेरून चाक घरंगळल्याचा आवाज येऊ द्या, आणि त्यानंतरच दृश्य बदला. पान उलटण्याचं काम तो आवाज करतो.

नंदी नवशिक्यांसाठी उत्तम पात्र आहे, कारण त्याला चालवावं लागत नाही, ढकलावं लागतं. पण चाकाचा हिशेब चुकला तर तो घसरल्यासारखा दिसतो. 4 सेंटिमीटर व्यासाचं चाक एका फेरीत साधारण साडेबारा सेंटिमीटर पुढे जातं. त्यावर चार पाकळ्यांचं फूल रंगवलं असेल, तर दर चित्राला चाक 45 अंशांपेक्षा कमी फिरवा, म्हणजे नंदी दीड सेंटिमीटरपर्यंतच सरकेल. त्याहून जास्त फिरवलंत की चाक उलटं फिरताना दिसतं. वेग हवाच असेल तर एक पाकळी वेगळ्या रंगाची करा; डोळ्याला खूण मिळते.

आवाज आधी, चित्रं नंतर. ओठ आवाजावर बेतायचे असतात. उलट केलंत तर बोलणारा चित्राच्या मागे धावतो आणि वाक्य मरतं. गल्लीतली आजी ‘अरे बाप्पा, काहून रडून राहिली?’ असंच बोलू दे, पुस्तकी मराठीत आणू नका. ओठांचे सहा आकार पुरतात, पण प, ब, म ला ओठ मिटलेच पाहिजेत, तेही आवाजाच्या एक फ्रेम आधी. ‘बाप्पा’मधल्या ‘प्प’ला मिटलेलं तोंड दोन चित्रं धरा. एकच धरलंत तर आजी ‘बापा’ म्हणते आहे असं वाटतं.

चित्रांना हात घालण्याआधी कच्च्या रेखाटनांना आवाज जोडून अख्खी सात मिनिटं बघा. यालाच अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. पाच-सहा मुलांना दाखवा आणि पडद्याकडे न बघता मुलांकडे बघा. ज्या जागी त्यांची मान वळते, तिथे कात्री लावा. रेखाटन कापायला दोन मिनिटं लागतात. तयार दृश्य कापलं तर आठवड्याची मेहनत जाते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काम काढलं तर कूलर हा खरा अडथळा. रेकॉर्डिंगमध्ये त्याची घरघर येते, म्हणून पहाटे कूलर बंद करून, खोलीत गाद्या उभ्या करून आवाज घ्या. कागदी तुकडे सरकवून फोटो काढत असाल तर कूलरची दमट हवा कागद वाकवते आणि वारा तुकडे हलवतो. जाड कार्डशीट वापरा आणि वर काच ठेवा. खिडक्या काळ्या कागदाने बंद करा. सकाळचं ऊन आणि दुपारचं ऊन एकाच दृश्यात आलं तर चित्र लुकलुकतं. उजेड आणि रंगछटा आपोआप बदलणारं कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स चालू राहिलं तरी हेच होतं.

आणि परवानगी. ‘लेखक ओळखीचे आहेत’ एवढ्यावर थांबू नका. शब्दांचा हक्क आणि चित्रांचा हक्क बहुधा वेगवेगळ्या माणसांकडे असतो. रूपांतराची लेखी संमती दोघांचीही घ्या, किंवा हक्क प्रकाशकाकडे असतील तर त्यांची. करारात मुदत लिहिली नाही तर 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हे जमत नसेल तर प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर खुल्या परवान्याची मराठी पुस्तकं आहेत. त्यांतल्या पुष्कळ पुस्तकांवरून श्रेय देऊन सिनेमा करता येतो. निवडलेल्या पुस्तकावरचा परवाना तेवढा नीट वाचून घ्या, आणि लेखकाइतक्याच ठळक अक्षरांत चित्रकाराचंही नाव द्या.